अजाण हात आणि जाणता हात

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे जे पुरातन गाव आहे, तेथील नखशिखान्त कोरलेला पाषाणस्तंभ, दगडावर दगड बसवून उभी केलेली देवळे आणि पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरत गेलेली बारव पाहिली, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या छत्राखाली हा मुलूख नांदत होता त्या काळातील स्थपतींच्या कलेइतकाच त्यांच्या गणिताविषयीही आदर वाटल्यावाचून राहत नाही. त्या काळच्या मूर्तिशास्त्रात विष्णूच्या चतुर्भुज मूर्तीचे भेद सांगितलेले आहेत. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार लांछने चार हातांत आलटूनपालटून दिली, म्हणजे एकाच देवाची निरनिराळी रूपे सिद्ध होतात, आणि केशव, नारायण, माधव, गोविंद या क्रमाने संध्येच्या आरंभी जी चोवीस नावे उच्चारली जातात, ती याच चोवीस रूपांची होत. ही रूपे चोवीसच का, तेवीस किंवा पंचवीस का नव्हेत, याचे उत्तर मात्र पुराणात नसून चार, तीन, दोन आणि एक यांच्या गुणाकारात आहे.

हाच प्रश्न इसवी सन ११५० मध्ये सिद्ध झालेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी घातला आहे. सह्याद्रीच्या आश्रयाला राहणारा आणि इसवी सन १११४ मध्ये जन्मलेला हा गणिती ‘अंकपाश’ नावाच्या प्रकरणात विचारतो, की हरीच्या चार हातांतील चार आयुधांचे भेद किती, आणि पाश, अंकुश, सर्प, डमरू इत्यादी दहा वस्तू दहा हातांत धरणाऱ्या शंभूच्या मूर्तीचे भेद किती? पहिल्याचे उत्तर २४, दुसऱ्याचे ३६,२८,८००. त्याच ग्रंथात अन्यत्र त्याने राजाच्या एका रम्य महालाचे उदाहरण दिले आहे. त्या महालाला आठ मोकळी मुखे आहेत. त्यांतले एकच उघडे ठेवावयाचे, दोन ठेवावयाची, तीन ठेवावयाची, असे करीत गेल्यास एकंदर प्रकार किती होतात, असा तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८ आणि १ यांची बेरीज करून २५५ असे येते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने चाळीसगावाजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला, हे तेथील शिलालेखावरून निश्चित होते. तो लेख प्रकाशात आणण्याचे श्रेय डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे. तात्पर्य, चारठाण्याच्या धाटणीची देवळे ज्या शतकांत उठत होती, त्याच शतकांत त्याच राज्यात दारे उघडण्याचे प्रकार मोजण्याची विद्या पाठशाळेत शिकविली जात होती.

दारांचा हा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तीन दारांच्या एका कोड्याने अमेरिकेतील हजारो सुशिक्षितांची, आणि त्यांत गणिताच्या अध्यापकांचीही, जी विलक्षण फसगत केली, तिचा इतिहास मला येथे सांगावयाचा आहे. परंतु भास्कराचार्यांना ते कोडे ठाऊक होते, किंवा संभाव्यतेचे शास्त्र आपल्याकडे तेव्हाच जन्मले होते, असा दावा मला करावयाचा नाही. असले दावे पूर्वजांचे मोठेपण वाढवीत नाहीत, उलट त्यांनी खरोखर जे केले ते झाकून टाकतात. भास्कराचार्यांनी प्रकार मोजले. त्या प्रकारांपैकी अमुक एक घडण्याचा संभव किती, आणि मध्येच काही नवे कळले असता तो संभव कसा पालटतो, हा प्रश्न निराळा आहे, आणि तो विचारला जाण्यासाठी आणखी पाचशे वर्षे जावी लागली.

फाशांची उणीव होती म्हणून तो विचारला गेला नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. वेदकाळापासून बेहड्याच्या बिया फाशांसारख्या टाकल्या जात. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात बाहुक नाव धारण केलेला नल ऋतुपर्ण राजाला रथातून विदर्भदेशीच्या कुंडिनपुराकडे घेऊन जात असता वाटेत एक बेहड्याचा वृक्ष लागतो, आणि त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने व २०९५ फळे आहेत असे राजा नुसत्या दृष्टिक्षेपाने सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवितो, वृक्ष तोडून फळे मोजतो, आणि संख्या तंतोतंत जुळल्यावर आपल्या अश्वविद्येच्या मोबदल्यात राजाकडून अक्षविद्या, म्हणजे द्यूताचे रहस्य, शिकून घेतो. ती विद्या कळताच त्याच्या देहातला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. थोडे पाहून पुष्कळाचा अंदाज बांधणे आणि द्यूतात जिंकणे या दोन गोष्टी एकाच विद्येची अंगे आहेत, हे त्या कथाकाराला जाणवले होते; मात्र ती विद्या त्याने रहस्य म्हणून ठेविली, शास्त्र म्हणून मांडिली नाही.

यादवकाळातही जुगार हा थोरामोठ्यांच्या घरात शिरलेला होता. मराठीतील आद्य गद्यचरित्र जे ‘लीळाचरित्र’, त्यात श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्याची जी हकीकत आली आहे, तीत भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव द्यूतात मोठी रक्कम हरतो, ती फेडण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागतो, ती देत नाही, आणि त्या प्रसंगाने उपजलेल्या विरक्तीतून तो घर सोडतो. पुढे महाराष्ट्राच्या वाटावाटांनी फिरलेल्या त्या महापुरुषाच्या वैराग्याचे निमित्त फाशांनी पुरविले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. फाशांचे दान दैवाचे असते, हा समज तेव्हा सार्वत्रिक होता. आणि जे दैवाचे, त्याचा हिशेब कोण मागणार?

तो हिशेब पद्धतशीरपणे मागितला गेला फ्रान्समध्ये. अर्धवट राहिलेल्या डावातील पणाची रक्कम दोघा खेळाडूंत न्यायाने कशी वाटावी, या प्रश्नावर पास्काल आणि फर्मा या गणितज्ञांत १६५४ साली जो पत्रव्यवहार झाला, त्यात या शास्त्राचा पाया घातला गेला. परंतु आपल्या कोड्याचा खरा मूळपुरुष पास्काल नव्हे. तो मान टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा आहे. हा मनुष्य वारला १७६१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली त्या वर्षी. आणि त्याच्या कागदपत्रांत सापडलेला निबंध त्याचा स्नेही रिचर्ड प्राइस याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेविला तो २३ डिसेंबर १७६३ रोजी. त्याच वर्षीच्या १० ऑगस्टला गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा मोड केला होता आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला होता. मराठवाड्याच्या तवारिखेत ते साल या लढाईमुळे लिहिले गेले; लंडनात त्याच साली, कोणाच्या फारसे लक्षात न येता, असा विचार मांडला गेला, की दिसलेल्या घटनेवरून न दिसलेल्या कारणाकडे मागे जाता येते, आणि नवा पुरावा हाती येताच जुना अंदाज किती बदलावा याचेही गणित असते.

यापुढे सव्वाशे वर्षांनी, १८८९ मध्ये, जोझेफ बर्त्राँ या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या ग्रंथात तीन पेट्यांचे कोडे घातले. एका पेटीत दोन सोन्याची नाणी, दुसरीत दोन चांदीची, तिसरीत एक सोन्याचे आणि एक चांदीचे. न पाहता एक पेटी घेतली, तीतून न पाहता एक नाणे काढले, ते सोन्याचे निघाले. तर त्याच पेटीतले दुसरे नाणेही सोन्याचे असण्याचा संभव किती? ऐकणारा तत्काळ म्हणतो, निम्मा. कारण चांदीची पेटी तर बाद झाली आणि दोनच उरल्या. परंतु सोन्याची नाणी एकंदर तीन आहेत, त्यांतले कोणते हाती आले हे आपणास ठाऊक नाही, आणि त्या तिहींपैकी दोन नाण्यांचा जोडीदार सोन्याचाच आहे. म्हणून उत्तर दोन तृतीयांश. पेट्या मोजाव्यात की नाणी, एवढ्यावर सगळे अडते. मनुष्याची बुद्धी उरलेल्या वस्तूंची शिरगणती करते आणि त्या सर्वांना सारखा वाटा देऊन मोकळी होते. वाट्यांचे वजन निरनिराळे असू शकते, हे तिला सहसा सुचत नाही.

या शास्त्राच्या इतिहासात मराठी माणसांचा भाग लहान नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे यांनी लंडनमध्ये शिक्षण घेऊन परत आल्यावर पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुन्यावरून कसा बांधावा, या कामाला वाहून घेतले. शेतातला एक तुकडा यदृच्छेने निवडावयाचा, त्यातले पीक कापून मळून तोलावयाचे, आणि अशा अनेक तुकड्यांवरून तालुक्याचे उत्पन्न ठरवावयाचे, ही ती रीत. तुकडा जितका लहान तितके काम स्वस्त, म्हणून काही मोठे शास्त्रज्ञ लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. या मुद्द्यावर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी सुखात्म्यांचा मोठा मतभेद झाला. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले, की तुकडा फार लहान असला म्हणजे उत्पन्नाचा आकडा हटकून फुगतो, कारण कापणाऱ्याचा हात सीमेवरची ताटे नकळत आत ओढतो. तेथे लबाडी नसते. हात फक्त अजाण राहिलेला नसतो, भरलेले कणीस त्याला दिसते आणि तो तिकडे वळतो. लहान तुकड्याला परीघ क्षेत्राच्या मानाने मोठा, म्हणून चूकही मोठी.

ज्या मुलखात चारठाणा आहे, त्या मुलखाला या चुकीचे मोल कळण्यासारखे आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, जमाबंदीची दफ्तरे नव्या राज्याकडे आली, पुढे महाराष्ट्र झाला. परंतु खरीप कसे आले याचा आकडा आणेवारीच्या, आणि पुढे पैसेवारीच्या, रूपाने सरकारदरबारी लागत राहिला, आणि तो पन्नास पैशांच्या वर गेला की खाली आला यावर गावाच्या सवलती व वसुली अवलंबून राहिली. पीककापणीचा प्रयोग कोणत्या गटात करावयाचा हे यादृच्छिक आकड्यांच्या कोष्टकावरून ठरवावयाचे असते, गावच्या पाटलाच्या किंवा तलाठ्याच्या पसंतीने नव्हे. शेत ओळखून निवडले गेले, तर त्याच कणसांचे तेच वजन निराळी गोष्ट सांगू लागते. जिरायती शेतकऱ्याच्या संसाराची घडी ज्या आकड्यावर बसते किंवा विस्कटते, त्या आकड्यामागे हात कोणाचा होता आणि त्या हाताला काय ठाऊक होते, हे विचारण्याचा त्या शेतकऱ्याला पुरा अधिकार आहे.

या शास्त्रातले दुसरे मराठी नाव डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांचे. कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेले हे गणितज्ञ केंब्रिजला सर हॅरल्ड जेफ्रीज यांचे शिष्य झाले. संभाव्यता ही फाशाच्या किंवा नाण्याच्या अंगी असलेला गुण नसून उपलब्ध माहितीच्या आधारे विवेकी माणसाने धरावयाच्या विश्वासाचे ते माप आहे, असे जेफ्रीज यांचे मत होते, आणि बेझच्या उपेक्षित विचाराला त्यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली होती. हुजूरबाजारांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, केंब्रिजचे अॅडम्स पारितोषिक मिळविले, आणि १९७४ साली ते पद्मभूषण झाले. विश्वास आणि माहिती यांचे हे नाते ज्याला कळले, त्याला पुढे येणारे तीन दारांचे कोडे अर्धे सुटल्यासारखेच होते.

१९५९ च्या ऑक्टोबरात मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्या कोड्याचे एक गंभीर रूप छापले. तीन कैद्यांना देहदंड झाला आहे. त्यांपैकी एकाला माफी मिळाली आहे, पण कोणाला ते फक्त अधिकाऱ्यांना आणि पहारेकऱ्याला ठाऊक. पहिला कैदी पहारेकऱ्याला म्हणतो, माझ्याविषयी काही सांगू नकोस, परंतु दुसरा आणि तिसरा यांच्यापैकी निश्चित मरणार असा एक तरी आहेच, त्याचे नाव सांग. पहारेकरी दुसऱ्याचे नाव घेतो. पहिला हर्षतो, तिघांतून एक सुटावयाचा होता, आता दोघांतून एक सुटणार. त्याचा हर्ष निराधार आहे. पहारेकऱ्याला त्याचे नाव घेण्याची मुभाच नव्हती, आणि दुसऱ्या दोघांपैकी एकाचे नाव तो कोणत्याही परिस्थितीत घेऊ शकला असता. म्हणून पहिल्याचा संभव होता तसाच एक तृतीयांश राहिला, आणि तिसऱ्याचा मात्र, त्याने काहीही न विचारता, दोन तृतीयांश झाला.

१९६३ च्या अखेरीस अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘लेट्स मेक अ डील’ नावाचा सौद्यांचा खेळ सुरू झाला. त्याचा सूत्रधार मॉन्टी हॉल. बंद पडद्यांआड आणि पेट्यांत बक्षिसे ठेवावयाची, आणि हातची वस्तू सोडून न दिसणारी घेण्याचा मोह स्पर्धकाला घालावयाचा, हे त्याचे कसब. त्याच धर्तीवर स्टीव्ह सेल्व्हिन या कॅलिफोर्नियातील संख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकाला एक छोटे पत्र लिहिले; त्यात दारांऐवजी पेट्या होत्या. पत्र छापून येताच हरकती आल्या, तेव्हा त्याच वर्षी दुसऱ्या पत्रात त्याने खुलासा केला आणि कोड्याला मॉन्टी हॉलचे नाव दिले.

पंधरा वर्षे ते तज्ज्ञांच्या दफ्तरात पडून राहिले. मग ९ सप्टेंबर १९९० रोजी ‘परेड’ या साप्ताहिकातील आपल्या सदरात मॅरिलिन व्हॉस साव्हंट या विदुषीने एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ते सोडविले. तीन दारे, एकामागे मोटार, दोहोंमागे शेळ्या. स्पर्धक पहिले दार निवडतो. कोणत्या दारामागे काय आहे हे जाणणारा सूत्रधार उरलेल्यांपैकी एक दार उघडून शेळी दाखवितो आणि विचारतो, निवड बदलायची आहे काय? बदलावी, कारण बदलल्याने जिंकण्याचा संभव दुप्पट होतो, असे तिने लिहिले. यावर सुमारे दहा हजार पत्रे आली. त्यांतली हजारभर डॉक्टरेट मिळविलेल्यांची होती, आणि बहुतेकांचे म्हणणे एकच, की ही बाई चुकली. विद्यापीठांच्या शिरोनाम्यांवर लिहिलेल्या त्या पत्रांत काहींनी तिच्या स्त्रीत्वावरही घसरण्यास कमी केले नाही. पुरावा न तपासता पदवीच्या जोरावर फैसला देण्याचे हे उदाहरण विद्वत्तेला लाज आणणारे आहे, असे मला वाटते. आणि तिने ज्या धीराने एकामागून एक तीन लेखांत तोच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला, शाळांतील मुलांना पेल्यांखाली वस्तू लपवून प्रयोग करावयास सांगितले, आणि त्या मुलांच्या मोजदादीने प्राध्यापकांना निरुत्तर केले, त्या धीराचे कौतुक करावयास शब्द अपुरे पडतात.

आता हिशेब पाहू. तोच खेळ ६०० वेळा खेळला असे समजा. स्पर्धकाची पहिली निवड सुमारे २०० वेळा बरोबर ठरेल आणि ४०० वेळा चुकेल. जाणता सूत्रधार दर वेळी शेळीचेच दार उघडणार. जेथे पहिली निवड चुकलेली आहे, तेथे त्याला पर्यायच नसतो. दोन दारांपैकी एकामागे मोटार आहे, ती दाखविता येत नाही, म्हणून दुसरेच दार उघडणे त्याला भाग पडते, आणि न उघडलेले दार हे बिनचूक मोटारीचे असते. म्हणजे ४०० वेळा बदलणारा जिंकतो आणि २०० वेळा न बदलणारा. दोन दारे उरली म्हणून दोघांना सारखा वाटा द्यावा, हा जो आपल्या बुद्धीचा आग्रह, तो येथे पूर्ण पराभूत होतो, कारण एक दार स्पर्धकाने न जाणता धरले आहे आणि दुसरे सूत्रधाराने जाणून राखले आहे.

याच्या उलट असे समजा, की सूत्रधाराला काहीच ठाऊक नाही. उरलेल्या दोहोंपैकी हाताला लागेल ते दार तो उघडतो, आणि योगायोगाने शेळी निघते. दिसणारे दृश्य तेच, शेळीही तीच. परंतु ६०० खेळांत ज्या ४०० वेळा स्पर्धक चुकलेला असतो, त्यांपैकी निम्म्या वेळी, म्हणजे २०० वेळा, या आंधळ्या उघडण्याने मोटारच बाहेर येईल आणि खेळ तेथेच मोडेल. शेळी निघालेले खेळ उरले ४००; त्यांत २०० वेळा मोटार पहिल्या दारामागे, २०० वेळा दुसऱ्या. आता बदला अथवा बदलू नका, संभव निम्मानिम्मा. डोळ्यांना दिसलेला पुरावा दोन्ही ठिकाणी एकच असून निष्कर्ष मात्र भिन्न, आणि हा भेद सर्वस्वी उघडणाऱ्याच्या ज्ञानातून आला.

हे सूत्र हाती न आल्यामुळे थोर थोर माणसे अडखळली. पॉल एर्डश हा विसाव्या शतकातला असामान्य गणिती. १९९५ साली त्याचा मित्र अँड्रू व्हाजोनी याने त्याला हे कोडे सांगितले, तेव्हा निवड बदलल्याने काही फरक पडेल हे त्याने साफ नाकारले, आणि संगणकावर तो खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखविल्यावरच तो नमला. तरीही कारण पटले नाही म्हणून तो असंतुष्टच होता. मला त्याचा हा असंतोष फार मोलाचा वाटतो. आकडा मान्य करणे आणि त्यामागचा न्याय कळणे यांत अंतर आहे, आणि खऱ्या गणित्याला ते अंतर सहन होत नाही.

स्वतः मॉन्टी हॉल मात्र या वादात कोणापेक्षाही शहाणा ठरला. १९९१ च्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदाराला त्याने आपल्या घरी हा खेळ खेळून दाखविला, आणि त्यात तो बातमीदार निवड बदलूनही हरत गेला. त्याचे इंगित असे होते, की स्पर्धकाची पहिली निवड चुकीची असली म्हणजे हॉल ते दार लगेच उघडून शेळी त्याच्या पदरात टाकी, आणि निवड बरोबर असली तेव्हाच दुसरे दार उघडून बदलाचा मोह घाली. दार उघडावयाचे की नाही हे जेथे सूत्रधाराच्या मर्जीवर आहे, तेथे पुस्तकातला दोन तृतीयांशांचा नियम लागू पडत नाही. जाणता हात नियमाने बांधलेला असेल तरच त्याच्या कृतीतून आपणास ज्ञान मिळते. तो मोकळा असेल, तर त्याच्या हेतूचाही अंदाज घ्यावा लागतो. शकुनीपुढे बसलेल्या धर्मराजाला प्रकारांची मोजणी कितीही येत असती, तरी ती त्याच्या कामी आली नसती.

आपल्या ग्रामजीवनात या तत्त्वाचे ज्ञान, गणिताचे नाव न घेता, पूर्वापार मुरलेले आहे. तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा एकसारख्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या पारदर्शक बरणीत टाकून त्या काढावयास बहुधा एखाद्या लहान मुलाला किंवा मुलीला पुढे बोलावितात. समान मते पडलेल्या उमेदवारांचा निकालही निवडणुकीच्या कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरच लागतो. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा नगरसेवक असाच ठरला. लेकराच्या हाताला कोणत्या चिठ्ठीत कोणाचे नाव आहे हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असते तरी कोणाचे भले-बुरे करण्याची त्याला इच्छा नसते. या दुहेरी अजाणतेवर सर्व पक्षांचा विश्वास बसतो. अशा हाताने पहिली चिठ्ठी काढल्यावर उरलेल्यांपैकी कोणाचाही दावा दुसऱ्याहून बळावत नाही. तीच चिठ्ठी आतली नावे जाणणाऱ्या एखाद्या कारकुनाने निवडून बाहेर ठेवली, तर उरलेल्या चिठ्ठ्या दिसावयास तशाच राहतील, पण त्यांचे वजन सारखे राहणार नाही, आणि सभेत बसलेला निरक्षर म्हाताराही त्याला हरकत घेईल.

या दृष्टीने पाहता आपल्या परिचयाचा एक खेळ मोठा उद्बोधक आहे. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला, आणि २०१३ मध्ये त्याचाच मराठी अवतार ‘कोण होईल मराठी करोडपती’ सचिन खेडेकरांच्या सूत्रसंचालनाखाली घरोघर पोहोचला. प्रश्नाला चार पर्याय, आणि अडल्यावर संगणकाकडून दोन चुकीचे पर्याय पुसून घेण्याची सवलत. समजा, स्पर्धकाला उत्तर मुळीच ठाऊक नाही. तो मनाशी एक पर्याय धरतो, बोलून दाखवीत नाही, आणि सवलत घेतो. दोन पर्याय पुसले जातात, त्याच्या मनातला मात्र शिल्लक राहतो. मॉन्टी हॉलचे कोडे ऐकलेला मनुष्य येथे घाईने म्हणेल, की निवड बदलावी. पण संगणकाला योग्य उत्तर ठाऊक असले तरी स्पर्धकाच्या मनातले ठाऊक नाही, आणि तीन चुकीच्या पर्यायांतून दोन तो यदृच्छेने उचलतो असे धरल्यास मनातला पर्यायही पुसला जाण्याची जोखीम त्यात होतीच. चारांतून एकदा तो पर्याय बरोबर असतो आणि मग निश्चित वाचतो. चारांतून तीनदा चुकीचा असतो आणि त्यांपैकी तिसरा हिस्सा वाचतो, म्हणजे पुन्हा चारांतून एकदाच. दोन्ही बाजू समान. बदलून लाभ नाही आणि तोटाही नाही. स्पर्धकाने आपला पर्याय आधी मोठ्याने सांगितला असता, आणि तो वगळून उरलेल्या तिहींतलेच दोन चुकीचे पुसण्याचे बंधन त्या संगणकावर असते, तर मात्र पडद्यावर तेच दोन पर्याय उरूनही निवड बदलणाऱ्याच्या पदरी चारांतले तीन हिस्से पडले असते, आणि धरून बसणाऱ्याकडे एक.